सहलीसाठी घरच्या सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट घरीच रंगवावेत का?

गोदाकाठ

यंदा भाऊबीज आटोपली की आमच्या घरची सतरा माणसे परभणीहून निघून औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि वेरूळचा घृष्णेश्वर अशी मराठवाड्यातील तिन्ही ज्योतिर्लिंगे करून येणार आहेत. त्यासाठी सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट घरीच रंगवावेत, असे मी सुचवले आणि घरात सरळ दोन तट पडले. माझी बाजू अशी आहे. कोरे सुती टीशर्ट बाजारात सहज मिळतात. पण मोजक्याच नगांवर, त्यातही चार वर्षांच्या पुतणीपासून थोरल्या काकांपर्यंत निरनिराळ्या मापांवर छपाई करून द्यायला आमच्याकडचे दुकानदार फारसे राजी नसतात. त्यापेक्षा जाड प्लास्टिकच्या कागदात बेलाचे त्रिदल कोरून काढावे, एकेक पान एकेका ज्योतिर्लिंगाचे मानावे आणि मुलांच्या हाती स्पंज व रंग द्यावा. एखादे पान थोडे फाकले तरी बिघडत नाही, उलट घरचे काम त्यावरूनच ओळखू येईल. आपल्याला काय वाटते?

इरकल

माझा विरोध टीशर्टला नाही, तुमच्या ‘घरीच’ या शब्दाला आहे. ज्या घरात चकल्या तळायच्या, करंज्या भरायच्या आणि पाहुण्यांची अंथरुणे घालायची, त्याच घरात सतरा टीशर्ट धुऊन, वाळवून, रंगवून, इस्त्री करून ठेवण्याचे काम शेवटी कोणाच्या गळ्यात पडते, हे मी सांगायला नको. मागे आमच्याकडेही असाच उत्साह संचारला होता. मुलांनी चार टीशर्ट रंगवले आणि मग त्यांना क्रिकेट आठवले. उरलेले अकरा मी आणि धाकट्या जाऊबाईंनी रात्री एक वाजेपर्यंत बसून संपवले. मध्ये वीज गेली तो अर्धा तास वेगळाच. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, ते आमचे भाऊजी सकाळी टीशर्ट चढवून ‘मला जरा घट्टच होतोय’ एवढेच म्हणाले.

सासूबाई जन्मभर इरकल नेसत आल्या. त्यांना पदरावरून टीशर्ट घालायला लावला, आणि फोटो निघताच त्यांनी तो काढून पिशवीत कोंबला. त्या फोटोत सगळे हसत आहेत, त्या तेवढ्या हसत नाहीत. शिवाय घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जायचे तर पुरुषांना अंगातले वरचे कपडे काढावे लागतात. म्हणजे ज्या दर्शनासाठी हा खटाटोप, ऐन त्या वेळी तुमचे त्रिदल पुरुषांच्या हातावर लोंबत राहणार.

रंगारी

गाभाऱ्याच्या मुद्द्यावर मी निरुत्तर आहे. कामाचा बोजा मात्र बऱ्याचदा पद्धत चुकल्यामुळे वाढतो, असे मला वाटते. नवा टीशर्ट आधी धुतलाच पाहिजे, कारण त्याच्यावरच्या खळीमुळे रंग धाग्यात नीट मुरत नाही, आणि सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटतेही. (इरकल यांच्या भाऊजींचा टीशर्ट घट्ट का झाला असावा, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.) रंगवताना आत पुठ्ठा सरकवावा, नाही तर पुढचे पान पाठीवरही उमटते. स्पंज रंगात बुडवू नये. नुसता टेकवून, जादा रंग रद्दीवर टिपून, मग कोरलेल्या जागेवर उभा दाबावा, कारण तो आडवा ओढला की रंग कडेखाली शिरतो आणि पानाचा डाग होतो. पूर्ण दिवसभर वाळू द्यावे आणि उलट्या बाजूने, पाणी न शिंपडता, गरम इस्त्री फिरवावी. एकाने दाबायचे आणि दुसऱ्याने पुढचा टीशर्ट पुठ्ठ्यावर ताणून ठेवायचा, अशी जोडी जमली तर सतरा टीशर्ट एका दुपारचे काम आहे.

हळदीत बुडवून पिवळे करण्याची हौस कोणाला आली तर वेळीच थांबवावे. साबण लागताच ती हळद लालसर होते आणि उन्हात उडते. इस्त्रीने चिकटणाऱ्या कागदावर नाव छापणार असाल, तर हलक्या रंगाच्या कापडाच्या कागदावर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी छापून घ्यावी लागतात. मी एकदा हे विसरलो. आमचे आडनाव त्या सहलीत फक्त आरशात वाचता येत होते.

बालाघाट

गर्दीत माणसे सापडतात म्हणून एकसारखे कपडे हवेत, असे हमखास सांगितले जाते. येथेही कोणी तरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. सुट्टीच्या दिवशी वेरूळला आम्ही पिवळे टीशर्ट घालून गेलो, तर समोरून शाळेची सहल आली आणि तीही नखशिखांत पिवळी. आमचा भाचा दहा मिनिटे त्यांच्याच रांगेत निवांत चालत होता. शिवाय मुलाच्या पाठीवर त्याचे नाव ठळक रंगवणे मला मुळीच पटत नाही, कारण ते वाचून कोणताही अनोळखी माणूस त्याला नावाने हाक मारू शकतो. आईवडिलांचा फोन क्रमांक लिहायचाच असेल तर आतल्या बाजूला, कंबरेच्या शिवणीजवळ लिहावा. आणि तुमचा वेरूळचा दिवस मंगळवारी येत नाही ना, तेही पाहा. देवळाचे दर्शन होईल, पण त्या दिवशी लेणी बंद असतात.

गोदाकाठ

इरकल यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचला. आई काहीच बोलली नाही, पण तिने मान हलवली, ती कोणत्या बाजूने ते मला कळले. त्यामुळे आता असे ठरवले आहे, की टीशर्ट फक्त मुलांना आणि स्वतःहून मागतील त्यांनाच. आईच्या आणि काकूंच्या वाट्याला हातरुमालाच्या कोपऱ्यावर तेच त्रिदल, काकांच्या वाट्याला पांढऱ्या टोपीच्या आतल्या बाजूला. बाहेर नको, असे त्यांनी बजावले आहे. रंग पिवळा नसून मोरपंखी राहील. टीशर्ट धुणे, वाळवणे आणि पुठ्ठे कापणे माझ्याकडे, स्पंज मुलांकडे, आणि हे सगळे वसुबारसेच्या आधी उरकायचे, म्हणजे फराळाच्या आड येणार नाही.

इरकल

वाटणी चांगली केलीत. इस्त्री कोणाकडे, ते तेवढे लिहायचे राहिले आहे.