उन्हाळा सरताना: थकलेली झाडं, भरलेली टोपली (अनुभव धागा)

उन्हाळ्याचे शेवटचे तीन-चार आठवडे घरच्या बागेत गडबडीचे असतात. झाडं दमलेली, खालची पानं पिवळी पडत चाललेली, आणि नेमकी तेव्हाच टोमॅटो, मिरच्या, काकड्या एकदम तोडणीला येतात. उकाड्यात स्वयंपाकघरात काही टिकत नाही, त्यामुळे सकाळी तोडलेलं संध्याकाळपर्यंत मार्गी लावावं लागतं. या दिवसांत काय तोडता, काय साठवता, झाड शेवटपर्यंत कसं जगवता, ते इथे लिहा. विनंती एकच, मापं द्या. 'थोडं मीठ' आणि 'अधूनमधून पाणी' यातून नव्या माणसाच्या हाती काही लागत नाही. आणि काय बिघडतं, का बिघडतं, ते जरूर लिहा.

०००

टोमॅटोपासून सुरुवात करते, कारण या दिवसांत हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो: फळं पूर्ण वाढलीत, मग लाल का होत नाहीत?

तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोत लाल रंग तयार होणं मंदावतं. पिवळा रंग मात्र येत राहतो. म्हणून फळ पिवळट नारिंगीवर अडकतं. आपण लाल व्हायची वाट बघतो आणि तेवढ्यात त्यावर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात, ते तडकतं किंवा पक्षी टोचतात. म्हणून बुडाशी हिरवा रंग फिरून गुलाबी झाक दिसली की तोडायचं. इथून पुढे घरात पिकवलं तरी चवीत फारसा फरक पडत नाही. २० ते २५ अंश मिळतील अशा सावलीच्या जागी, एका थरात, देठाची बाजू खाली करून ठेवा. चार ते सहा दिवसांत लाल होतात. खिडकीच्या उन्हात ठेवायची गरज नाही. टोमॅटो पिकायला ऊब लागते, ऊन नाही. आणि अर्धवट पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये मुळीच नको. १२-१३ अंशांखाली पिकणं थांबतं, चव जाते, गर पिठूळ होतो.

फुलगळीचंही तेच. दिवसा ३२ ते ३५ आणि रात्री २४ अंशांच्या वर पारा राहिला की पराग निकामी होतात, फूल देठाच्या गाठीशी सुटून पडतं. अशा वेळी खत वाढवणं ही सगळ्यात महाग चूक. नत्र मिळालं की नुसती पानं फुटतात आणि झाडाची पाण्याची भूक वाढते. पाणी नियमित द्या, दुपारी ३० ते ५० टक्के सावली करणारी जाळी लावा आणि रात्री थंड व्हायची वाट बघा. फुलं आपोआप धरतात.

फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं त्याबद्दल: कॅल्शियम फळापर्यंत पोचलं नाही की असं होतं. पण बहुतेक वेळा ते मातीत असतंच. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. दोन दिवस माती कोरडी आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं झालं की पुरवठा तुटतो. अंड्याची टरफलं टाकून या हंगामात काही फरक पडत नाही, ती विरघळायला फार काळ लागतो. पाण्याची वेळ सांभाळली की पुढची फळं चांगली येतात. बूड काळं झालेलं फळ वेळीच तोडा. काळा भाग कापून उरलेलं, सडलेलं नसेल तर, खाता येतं.

०००

पाण्याबद्दल, खास कुंडीवाल्यांसाठी.

उन्हाळ्याच्या शेवटी कुंडीतली माती, विशेषतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर, एकदा खडखडीत वाळली की पाणी धरेनाशी होते. वरून पाणी घातलं की पाच सेकंदांत तळाच्या भोकातून बाहेर. आपल्याला वाटतं भरपूर झालं. प्रत्यक्षात मातीचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेला असतो आणि पाणी त्या फटीतून निसटतं. बोट खुपसून बघा, वरचा सेंटिमीटरभर थर ओला आणि खाली भुगा कोरडा लागेल. अशी कुंडी टबात ठेवायची, पाणी कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत. आधी भराभर बुडबुडे येतात, मग कमी होतात. बुडबुडे थांबले आणि वरची माती काळसर झाली की काढायची. साधारण अर्धा तास लागतो. मोठी कुंडी उचलता येत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं तीन वेळा थोडं थोडं पाणी द्यावं. पहिलं पाणी निसटतं, दुसऱ्यानं माती भिजायला लागते, तिसरं मुरतं.

रोजचं पाणी सकाळी, उन्हं तापायच्या आत. चार-पाच सेंटिमीटर खोल बोट घालून कोरडं लागलं तरच. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नका. मोठ्या पानांची झाडं दुपारी मान टाकतातच आणि संध्याकाळी सावरतात. सकाळी सातला पानं पडलेली दिसली तर मात्र ती खरी तहान. माती ओली असूनही सकाळी मलूल असेल तर बहुधा मुळं कुजताहेत, तिथे पाणी बंद.

आच्छादन पाच ते सात सेंटिमीटर जाड, वाळकी पानं किंवा गवत. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू एवढी तापते की त्या बाजूची मुळं करपतात. ती कुंडी दुसऱ्या मोठ्या फिकट रंगाच्या कुंडीत बसवली तरी पुष्कळ फरक पडतो.

०००

काकडी, दुधी, झुकिनी कडू निघाली तर: उष्णता आणि पाण्याचा ताण यामुळे या कुळातल्या झाडांत कडू द्रव्य वाढतं. काकडीत ते देठाकडे आणि सालीत जास्त असतं. किंचित कडसर काकडी देठाकडचा दोन सेंटिमीटरचा तुकडा आणि साल काढून खाता येते. पण दुधी किंवा झुकिनी कडूजार लागली तर ती पूर्ण टाकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही, आणि त्यानं उलट्या, जुलाब आणि गंभीर विषबाधा होऊ शकते. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेवा. दुधीचा रस कधीही चव न बघता पिऊ नका.

०००

काकड्या एकदम आल्या तर मिठाच्या पाण्यात आंबवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. चूल पेटवावी लागत नाही.

माप वजनावर धरा, चमच्यावर नको. बारीक आणि जाड मिठाच्या चमच्यात वजनाचा बराच फरक पडतो. एक किलो लहान, घट्ट काकड्यांना एक लिटर पाणी आणि ७० ग्रॅम मीठ. काकड्यांतलं पाणी उतरून सगळं मिळून साडेतीन टक्के होतं. फुलाकडच्या टोकाची दोन-तीन मिलिमीटरची चकती कापून टाका. तिथे काकडी मऊ पाडणारे घटक असतात. हा एक काप चुकला तर बाकी सगळं नीट करूनही काकड्या लिबलिबीत होतात. देठाची बाजू कापली आणि फुलाची राहिली, अशी गल्लत फार होते, तेव्हा नीट बघा.

काकड्या पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. वर लहान बशी आणि त्यावर पाण्यानं भरलेली छोटी बरणी ठेवली की झालं. झाकण सैल ठेवा, वायू बाहेर पडायला वाट हवी. २० अंशांच्या आसपास दहा ते चौदा दिवस लागतात, उकाड्यात चार-पाच दिवसांतच आंबट होतात. ३० अंशांच्या वर आंबवण भराभर होतं, पण काकडीचा कुरकुरीतपणा जातो. घरातली सगळ्यात थंड जागा शोधा आणि तिसऱ्या दिवसापासून चव बघा. हवी तशी झाली की फ्रिजमध्ये.

पाणी गढूळ होणं चांगलं लक्षण. वर पांढरा, सपाट पापुद्रा आला तर तो काढून टाकायचा, त्यानं काही होत नाही. लव आलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी टाका. वरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नका.

०००

टोमॅटो साठवायला उकाड्यात तासभर शेगडीपुढे उभं राहण्याचं काहीच कारण नाही. धुऊन, पुसून, देठाचा खड्डा कोरून अख्खे टोमॅटो ताटात सुटे मांडून गोठवा. घट्ट झाले की पिशवीत भरा आणि हवा काढून टाका. वापरताना गोठलेला टोमॅटो नळाखाली धरला की साल हातात सुटून येते. कोशिंबिरीला असे टोमॅटो उपयोगाचे नाहीत, पण आमटी, रस्सा, सूप यात काही कळत नाही. आटवायचं काम गार दिवसांत करा. दोन किलोंचा घट्ट रस रुंद पातेल्यात पाऊण ते एक तासात साधारण लिटरभर होतो. बरणीत भरून गोठवणार असाल तर वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर काच तडकते.

बरणीबंद करून बाहेर ठेवण्याबद्दल सावध. टोमॅटोची आम्लता काठावरची असते. पीएच (आम्लतेचं माप, आकडा वाढला की आम्लता कमी) ४.६ च्या वर गेला तर बंद बरणीत बोटुलिझमचं (जिवाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष तयार होऊ शकतं, आणि त्याला ना वास येतो ना चव. म्हणून लिटरमागे दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालतात. घरच्या लिंबांची आम्लता कमीजास्त असते, म्हणून इथे ती नकोत. पण नुसता लिंबूरस पुरत नाही, त्यानंतर भरलेली बरणी उकळत्या पाण्यात ठरलेला वेळ ठेवावी लागते. तेवढं काटेकोर जमणार नसेल तर गोठवा. तेलात बुडवलेला कच्चा लसूण किंवा ओल्या मिरच्याही बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त लागणार असेल तर फ्रीजर.

०००

मिरच्या वाळवताना होणारी चूक इथे नोंदवते. वरून कुरकुरीत लागतात, देठाशी ओल राहते आणि पंधरा दिवसांनी डब्यात बुरशी. वाळल्यासारख्या वाटल्या की काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर आतून दमटपणा दिसला किंवा मिरच्या एकमेकींना चिकटल्या तर पुन्हा वाळवा. मोडताना वाकली तर ओली, टचकन तुटली तर वाळली.

०००

पालेभाज्या आणि सुगंधी पाल्याचं थोडक्यात. बेझिल फ्रिजमध्ये काळं पडतं, ते पाण्याच्या पेल्यात बाहेर ठेवा. पुदिना आणि कोथिंबीर मात्र फ्रिजमध्येच, ओलसर कापडात. बेझिलला फुलांचे तुरे यायला लागले की पानं कमी आणि तिखट होतात. तुरा दिसताच खालच्या दोन पानांच्या जोडीच्या वर खुडा.

०००

पानांवर बारीक पिवळे ठिपके, पान धूळ बसल्यासारखं निस्तेज: लाल कोळी. कोरड्या उष्णतेत तो झपाट्यानं वाढतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीनं झटका. ठिपके चालायला लागले तर खात्री. पहिला उपाय पाणीच. पानांच्या खालच्या बाजूनं जोरात फवारा, एक दिवसाआड तीनदा. तरी राहिला तर लिटरला पाच मिलिलिटर पातळ साबण. भांड्यांचा किंवा कपड्यांचा डिटर्जंट नको, त्यानं पानं जळतात. फवारणी संध्याकाळी करा, ३२ अंशांच्या वर अजिबात नको, आणि आधी एकाच फांदीवर करून एक दिवस थांबा.

काकडीवर्गाच्या पानांवर पांढरी भुरी आली तर सर्वांत आजारी पानं काढून टाका आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं मिश्रण सकाळी उन्हाआधी आठवड्यातून एकदा फवारा. सुरुवातीला चांगला उपयोग होतो. निम्मा वेल पांढरा झाल्यावर नाही.

०००

बी धरण्याची हीच वेळ.

टोमॅटो: सगळ्यात निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, शेवटी उरलेलं बारकं नको. गरासकट बिया पेल्यात काढा, दोन चमचे पाणी घाला, वर कापड बांधा. बियांवरच्या बुळबुळीत थरात उगवण रोखणारे घटक असतात, तो आंबून सुटला पाहिजे. याला दोन-तीन दिवस लागतात, उकाड्यात दीड-दोन. जास्त ठेवलं तर पेल्यातच कोंब येतात. मग पाणी घालून ढवळा. चांगल्या बिया तळाशी बसतात, पोकळ वर तरंगतात. धुऊन स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या बशीत पसरा. कागदावर पसरल्या तर चिकटून बसतात. दुसऱ्या दिवशी बोटांनी चोळून सुट्या करा. कडक उन्हात नको. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढचं झाड आईसारखं येईलच असं नाही.

काकडीचं बी खायच्या काकडीतून मिळत नाही. फळ वेलावर पिवळं, मऊ होईपर्यंत राहू द्यावं लागतं. पण असं एक फळ ठेवलं की वेल नवी फळं धरणं कमी करतो, म्हणून ते हंगामाच्या अगदी शेवटी ठेवा.

घेवडा: शेंग वेलावरच खुळखुळायला लागू द्या. दाण्यावर नख किंवा दात रुतला तर अजून ओलावा आहे. पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं की भुंग्याची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर बरणी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं. बरणीवर वाण आणि वर्ष लिहा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच निकामी होतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार वर्षांहून जास्त चालतं.

०००

शिजवलेल्या अन्नाचं एवढंच: ३२ अंशांच्या वर ते तासाभराहून जास्त बाहेर नको. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. पसरट भांड्यांत पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर न करता वाटून ठेवा. भाताची खास काळजी घ्या. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

०००

झाड कधी काढायचं, यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून. हा निर्णय जड जातो, कारण त्याला रोज पाणी घातलेलं असतं, पहिलं फूल दिसलेली सकाळ आठवत असते. तरी शेंडा बघा. शेंड्याला नवी, निरोगी पानं येत असतील तर झाड ठेवा. वांगं आणि मिरची एक तृतीयांश छाटून, आच्छादन आणि मूठभर कुजलेलं खत दिलं तर बाहेर थंडी कडक नसेल तिथे पुन्हा फुटतात. टोमॅटोचा शेंडाच वाळत आला असेल तर मात्र काढा. लागून असलेली हिरवी फळं आधी तोडून घ्या, ती निरोगी असतील तर घरात पिकतात.

उपटण्याऐवजी निरोगी झाड जमिनीलगत कापा, मुळं मातीतच कुजू द्या. रोग असेल तर मुळासकट काढा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. घरचा ढीग एवढा तापत नाही की रोग मरेल. कंपोस्टला एका भाग हिरव्यामागे तीन भाग वाळका पाला, आणि मुठीत दाबल्यावर पिळलेल्या स्पंजाइतकी ओल.

आणि झाड काढताना वहीत चार ओळी लिहा: लावल्याची तारीख, पहिलं फूल, पहिला तोडा, काय लागलं. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहा. शाई उन्हात उडून जाते, पेन्सिल टिकते.