घराच्या हप्त्याला पगाराचा किती हिस्सा जाऊ द्यावा? जाणकारांनी मदत करा

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहतो. मी, बायको, पाचवीतली मुलगी आणि आई. इमारत जुनी, लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिने पायऱ्या मोजून ठेवल्यात, ५१. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दाराबाहेर तिच्यासाठी प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. भाजी घेऊन येताना ती त्यावर पाच मिनिटं टेकते. ते स्टूल दिसलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हणून कल्याण पश्चिमेला टू बीएचके बघून ठेवलाय. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आलेली आहे, त्यामुळे जीएसटी नाही. किंमत ६८ लाख. मुद्रांक शुल्क सात टक्क्यांनी ४ लाख ७६ हजार, नोंदणीचे ३० हजार. बँकेकडून ५४ लाख, आमची जमा १६ लाख, राहिलेले ३ लाख मेव्हणा देतोय (सावकाश द्या म्हणालाय, महिन्याला दहा हजार दिले तरी चालतील). काठोकाठ बसतंय.

हातात येणारा पगार माझा ७८ हजार, बायकोचा ३४ हजार. ती खाजगी शाळेत आहे. एकूण १ लाख १२ हजार. सध्याचं भाडं २१ हजार. ८ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता साधारण ४५,१७० येतो, म्हणजे ४० टक्के.

बाकीचा खर्च: किराणा, दूध, भाजी १९ हजार. मुलीची शाळा, व्हॅन, क्लास मिळून साडेनऊ. आईची औषधं ४,२००. वीज, गॅस, फोन ४,८००. दोघांचा प्रवास साडेतीन. विम्यांचे महिन्याला धरले तर ५,२००. सटरफटर ८ हजार. शिवाय १२ हजारांची एसआयपी.

ऑफिसातला एक जण म्हणतो निम्म्यापर्यंत चालतं. सासरे म्हणतात, पोटाला चिमटा घ्या पण घर घ्याच, पगार वाढत जातो आणि हप्ता तिथेच राहतो. बँकेचा माणूस तर म्हणाला, "सर, तुम्हाला साठ टक्क्यांपर्यंत बसतंय."

प्रश्न एवढाच: ४० टक्के जास्त आहेत का? किती टक्क्यांपर्यंत जावं?

पेन्सिल_आणि_वही

तुमचे ४० टक्के ४० नाहीत हो.

मेंटेनन्स आणि घरपट्टी कुठे आहे? नव्या इमारतीत मेंटेनन्स ४,५०० आणि घरपट्टी महिन्याला ७०० धरा. झाले ५०,४००, म्हणजे ४५ टक्के. मेव्हण्याचे दहा हजार तुम्ही कंसात टाकलेत, पण कंसातलेही खिशातूनच जाणार आहेत. ६०,४००, म्हणजे ५४ टक्के.

आता तुमचा खर्च बेरजेला घेतो. एसआयपी सोडून ५४,२००. त्यात ६०,४०० मिळवले की १ लाख १४ हजार ६००. पगार १ लाख १२ हजार. एसआयपी बंद करूनही महिन्याला २,६०० कमी पडतात. आणि या हिशोबात गणपतीला गावी जाणं नाही, कुणाचं लग्न नाही, दाताचं रूट कॅनाल नाही.

इएमआय_भोगी

सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या काळी खरं असेलही. हप्ता तिथेच राहतो हे फ्लोटिंग (बदलत्या) व्याजदरात खरं नाही, माझाच अनुभव सांगतो.

२०२१ मध्ये ३५ लाख घेतले, ६.८ टक्क्यांनी, हप्ता २६,७००. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना कर्ज देते तो दर) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझा दर ९.३ झाला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली, मला वाटलं बरं झालं. मग एकदा स्टेटमेंट उघडलं. २६,७०० मधले २५,७०० व्याजात, मुद्दलात जेमतेम हजार रुपये. दोन वर्षं हप्ता भरून ३५ चे ३३ लाख २४ हजार झाले होते, आणि पुढे महिन्याला हजाराने उतरत होते. त्या रात्री मी झोपलो नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने ग्राहकाला विचारायचं. तेव्हा निदान आता विचारतील. फ्लोटिंगवाल्यांना मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही, बोनस आला की मुद्दलात टाका.

तुमच्या ५४ लाखांवर दर ८ चा ९.३ झाला तर काय होईल ते आधी काढा.

एडिसनवासी

३० टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो म्हणून लिहितो. तो अमेरिकेतला आहे आणि बचतीच्या शहाणपणातून आलेला नाही. सरकारी घरांतल्या गरीब भाडेकरूंकडून किती भाडं घ्यायचं यासाठी १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली, १९८१ मध्ये ती ३० केली. पुढे तोच आकडा सगळ्यांना लागू पडतो असं धरलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये घरमालक म्हणतात, वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या ४० पट हवा. गणित केलं तर तेही ३० टक्केच.

आणि इथे अमेरिकेत ते कर कापायच्या आधीच्या पगारावर मोजतात, तुम्ही हातात येणाऱ्यावर मोजताय. इकडचा आकडा तिकडे जसाच्या तसा लावू नका.

अवांतर: डोंबिवलीत आमच्याही घरी लिफ्ट नव्हती. पाणी गेलं की आम्ही भावंडं बादल्या घेऊन साखळी करायचो.

चहात_आलं

तिसरा_मजला, राग मानू नका पण एक विचारते. तुम्हाला घर घ्यायचंय की जिना टाळायचाय?

धागा परत वाचा. घराबद्दल किमतीशिवाय एक वाक्य नाही. हॉलमध्ये ऊन येतं का, आईची खोली कुठली, काही नाही. आहे ते सगळं जिन्याबद्दल आणि स्टुलाबद्दल. लिफ्टवालं भाड्याचं घर डोंबिवलीतच २५-२६ हजारांत मिळेल. म्हणजे २३ टक्के. आईंचे गुडघे पुढच्या महिन्यात सुटतील, वीस वर्षं थांबायला नको.

दुसरं, बायकोची नोकरी कायम आहे का? खाजगी शाळांत दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर देतात, मी स्वतः अकरा वर्षं त्यातून गेलेय. ती ऑर्डर नाही आली तर ५०,४०० भागिले ७८,००० करा. ६५ टक्के.

जुना_कल्याणकर

घ्या डोळे मिटून! मी २००९ मध्ये घेतलं तेव्हा अर्ध्याहून जास्त पगार हप्त्यात जात होता. दोन वर्षं एकही शर्ट घेतला नाही. आज तोच हप्ता मोबाईलच्या बिलासारखा वाटतो.

पेन्सिल_आणि_वही

@जुना_कल्याणकर, तुमचा पगार त्या वर्षांत किती टक्क्यांनी वाढायचा आणि आज यांचा किती वाढतो? शिवाय तुमच्याकडे तेव्हा आईची औषधं आणि मुलीचा क्लास होता का? (हलके घ्या.)

कल्याणची_सून

ताबा घेताना बिल्डर दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, आमच्याकडून तरी घेतला. साडेचार हजारांनी तुमचे १ लाख ८ हजार एकरकमी. १९ लाखांत ते बसलेले दिसत नाहीत. आणि सोसायटी आपल्या हातात आली की खरा आकडा कळतो. एप्रिल-मे मध्ये टँकर लागतात, त्याची वर्गणी वेगळी. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात त्यावरून सर्वसाधारण सभेत खुर्च्या आपटल्या.

मुद्रांक शुल्कात बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट आहे, तुमचे ६८ हजार वाचतील. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सूट गेली. कर्ज दोघांच्या नावावर आणि घर एकीच्या, हे चालतं का ते बँकेला आधी विचारा.

इएमआय_भोगी

आणि व्याजावर कर वाचतो म्हणून कोणी गळ घातली तर विसरा. हातात ७८ हजार म्हणजे तुमचा पगार बहुधा नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आतच बसतो. तिथे तुम्हाला करच नाही, वाचवणार कशातून?

पेन्सिल_आणि_वही

एक करून बघा. पगार झाल्या दिवशी ३९,४०० वेगळ्या खात्यात टाका. (नव्या घराचे ५०,४०० वजा आत्ताचं भाडं २१ हजार, अधिक मेव्हण्याचे दहा.) एसआयपी थांबवा. उरलेल्यात महिना काढा. असे सहा महिने निघाले तर खुशाल घ्या, वर सव्वादोन लाखांहून जास्त साठलेले असतील.

तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण पेन्सिल_आणि_वही यांनी सांगितलेलं करून बघत होतो.

३९,४०० काढून ठेवले. बायकोने फ्रिजवर कागद चिकटवला आणि रोजचा खर्च लिहिला. पहिले दहा दिवस मजेत गेले. १९ तारखेला आईच्या गुडघ्याचे एक्स-रे आणि मुलीच्या सहलीचे पैसे एकदमच आले, वेगळ्या खात्यातून ७ हजार काढावे लागले. २६ ला पुन्हा ४ हजार. त्या दिवशी कागदावर बायकोने खर्चाच्या जागी नुसतं "पुरे" लिहिलं होतं. मेव्हण्याचे पैसे घेतले असते तर जेवायला बोलावतानाही अवघडलो असतो, हेही तीच म्हणाली.

चहात_आलं, तुमचा प्रतिसाद वाचून आधी चिडलो होतो. मग आईलाच विचारलं. ती म्हणाली, "मला कल्याणला कोण ओळखतं? इथंच खाली कुठेतरी बघ ना." दोन वर्षं आम्ही साइटी बघत फिरतोय, पण तिला विचारलंच नव्हतं.

तर कल्याणचं सध्या बाजूला ठेवलंय. आमच्याच रस्त्यावर लिफ्टचं टू बीएचके बघितलं, भाडं २६ हजार. एसआयपी चालू राहील, वर थोडं उरेल. बायकोची जूनची ऑर्डर आली की पुढच्या वर्षी छोटं रिसेल बघू, मेव्हण्याशिवाय जमेल असं.

आता नवा प्रश्न. घरमालक ११ ऐवजी ३६ महिन्यांचा करार म्हणतोय, डिपॉझिट १ लाख, दरवर्षी भाड्यात ५ टक्के वाढ. पण नोंदणीचं विचारलं तर म्हणतो, नोटरी करू, कशाला उगाच खर्च. काय करावं?

चहात_आलं

नोटरीवर राहू नका. करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. खर्च निम्मा-निम्मा करू म्हणा, लगेच तयार होतील. ३६ महिने तुमच्या फायद्याचे, दरवर्षी घर शोधायला नको. ५ टक्क्यांनी तिसऱ्या वर्षी २८,६६५ होतील, ते आत्ताच धरा. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचा आहे आणि तो त्यांनाही लागू आहे का, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

आणि डिपॉझिट द्यायच्या आधी संध्याकाळी सातला जाऊन लिफ्ट चालू आहे का बघून या.