वंडर एग प्रायॉरिटी: चूक शेवटाच्या आधीच झाली

‘वंडर एग प्रायॉरिटी’ या जपानी ॲनिमे मालिकेबद्दल ‘शेवटचा विशेष भाग लक्ष देऊन पाहिला की सगळं जुळतं’ असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. गडबड आधीपासूनची आहे. 2021च्या जानेवारी ते मार्चमध्ये 12 भाग आले, त्यातला आठवा निव्वळ उजळणीचा. म्हणजे कथेला अकराच उरले. त्यात अकराव्या भागात फ्रिल येते: मुलींना अंडी देणाऱ्या अक्का आणि उरा-अक्का या दोघांनी घडवलेली कृत्रिम मुलगी. खलनायिकेची एवढी मोठी पूर्वकथा इतक्या उशिरा उघडली, की ती निस्तरायला एकच भाग शिल्लक राहिला, आणि तोही अर्धवट थांबला.

मग जूनअखेरचा विशेष भाग. त्याचाही जवळपास अर्धा वेळ पुन्हा उजळणीत गेला! उरलेल्यात नायिकेची मैत्रीण नेइरू स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्ता असल्याचा खुलासा आणि रिका-मोमोए या बाकीच्या दोन मैत्रिणींचं दूर जाणं एका दमात उरकलं. फ्रिलशी सामना होतच नाही. सर्वांत जास्त खुपतं ते कोइतोचं. नायिका ओहतो आइ हिच्या या मैत्रिणीच्या मृत्यूचं कोडं हा आइच्या प्रवासाचा कणा, आणि तेच घाईत गुंडाळलं.

नव्याने पाहणाऱ्यांनी आठवा भाग आणि विशेष भागाचा पूर्वार्ध खुशाल वगळावा. पहिले सात मात्र सलग पाहा, चित्रण अप्रतिम आहे.