मागच्या चाकाचा आऊट घरी काढायचा आहे

कृष्णाकाठ:
मी सांगलीत विश्रामबागेहून माधवनगरला रोज सायकलने कामाला जातो. गिअरची सायकल, 26 इंची चाक, 36 तारा, साधे रिम ब्रेक. महिन्यापूर्वी खड्ड्यात आदळली तेव्हापासून मागचं चाक चेनच्या बाजूला एका जागी ब्रेकच्या रबराला घासतंय. दुकानात दोनदा आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घेतला, दोन्ही वेळा आठवड्यात परत तेच. आता मलाच शिकायचंय. तारा आवळायचा गोल पाना आणला, सायकल उलटी केली, घासतं तिथली समोरच्या बाजूची तार आवळली, तर रिम आणखीच चेनकडे गेली! कुठे चुकतंय?

जुनी_घंटी:
तार बरोबर निवडलीत. तारा एकाआड एक हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन कडांना जातात आणि प्रत्येक तार रिमला आपल्या कडेकडे ओढते. रिम चेनकडे गेली असेल तर दुसऱ्या बाजूची आवळायची, चेनकडची तेवढीच सैल करायची. तुम्ही पाना कुठून बघत फिरवलात? टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवल्यावर निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचं छोटं नट) आवळतं. हबकडून बघत फिरवलंत तर तेच उलटं होतं. एका वेळी पाव फेरा, जास्त नको.

वडिलांचं सायकलचं दुकान होतं. ते मला आधी पाना देतच नसत, तारा वाजवायला लावायचे. तुम्हीही नखाने एकेक तार छेडा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. दोन बाजूंची तुलना मात्र करू नका. गिअरच्या चकत्यांना जागा द्यायला चेनकडची कड आत घेतलेली असते, म्हणून तिकडच्या तारा जास्त ताठ असतात. बद्द आवाजाची, म्हणजे सैल तार सापडली की समजा दुखणं तिथं आहे. नुसती रिम सरळ दिसली आणि ताण असमान राहिला, तर चाक पुन्हा आऊट होणारच.

दुसरं म्हणजे पीळ. आवळताना तार निपलबरोबर थोडी पिळली जाते आणि रस्त्यावर गेल्यावर उलगडते. म्हणून काम झालं की जवळजवळच्या तारा जोडीजोडीने मुठीत घेऊन जोरात दाबा. टकटक आवाज आला तर पीळ सुटला. मग परत बघा, थोडं हललेलं असतं. हे दोनदा-तीनदा करावं लागतं, कंटाळू नका.

पाना_नंबर_सात:
त्याआधी चाक धरून आडवं हलवून बघा. हबमध्ये खेळ असेल तर आधी कोन (आसावरचं, बेअरिंगला टेकणारं नट) आवळा, नाहीतर तारांवरची मेहनत वाया. निपल गंजली असतील तर प्रत्येकाला तेलाचा एक थेंब देऊन रात्रभर ठेवा. फ्रेमला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा, किती घासतं ते नेमकं दिसतं. आणि रिमच्या कडेला चेंब (पोचा) आला असेल तर तो तारांनी जाणार नाही.

कृष्णाकाठ:
चूक सापडली, मी खालून, हबकडून बघत फिरवत होतो. तारा वाजवल्या तर त्याच जागी चार अगदी बद्द निघाल्या. दोन संध्याकाळी गेल्या. दाबल्यावर खरंच टकटक आवाज आला, आणि चाक परत थोडं सरकलं. आता एक मिलिमीटरची लाट उरलीय, रबराला लागत नाही. अजून काढू का?

जुनी_घंटी:
नको, ठेवा तशीच. पन्नास किलोमीटर चालवा आणि त्या चार तारा पुन्हा वाजवून बघा.