ए टेस्टसाठी 'आपोआप सरळ होणारं' विमान? माझा स्पष्ट विरोध

डर्बीकर

रनवे_राजा यांनी परवा ब्रिटनमध्ये नव्याने आरसी (रेडिओ कंट्रोलवर उडणारी छोटी) विमानं उडवणाऱ्या मराठी मंडळींसाठी सल्ला लिहिला. सारांश असा: बीएमएफएची (ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनची) ए टेस्ट, म्हणजे एकट्याने सुरक्षित उडवता येतं हे दाखवणारी परीक्षा, द्यायची तर दीड मीटर पंखांचा हाय विंग (पंख वर बसवलेला) फोम ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, घ्या, सेल्फ लेव्हलिंग चालू ठेवा, बिनवाऱ्याची संध्याकाळ बघा, सर्टिफिकेट तुमचं. खाली धन्यवादांची रांग लागली आहे. यावर विसंबून नवा माणूस पैसे घालवणार आणि चुकीचं शिकणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक तर सेल्फ लेव्हलिंग लावून ही टेस्ट देता येत नाही. वाऱ्याच्या झोताचा हिसका दाबणारा साधा रेट जायरो चालतो. पण स्टिक सोडली की पंख सरळ करणारं, विमानाला ठरावीक कोनापलीकडे कलू न देणारं जे काही असेल ते बंद हवं. आजकाल दोन्ही गोष्टी एकाच रिसीव्हरमध्ये, एका स्विचच्या अंतरावर असतात. त्यामुळे लोकांची गल्लत होते आणि असे सल्ले फिरत राहतात.

आता टेस्टमध्ये काय मागतात ते बघा. टेकऑफ, सर्किट (मैदानाला फेरी), आपल्यासमोर छेद येईल असा आडवा इंग्रजी आठ आणि तोही एका उंचीवर, चौकोनी सर्किट करून लँडिंग. पुन्हा टेकऑफ, उलट दिशेने चौकोनी सर्किट, मग साधारण 200 फुटांवरून थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण खाली ओढून डेडस्टिक, म्हणजे इंजिन बंद पडल्यासारखं उतरणं. शेवटी सेफ्टी कोडवरचे प्रश्न. कागदावर सोपं वाटतं. वारा सुटला की आठाचा छेद वाऱ्याबरोबर सरकायला लागतो. वारा पाठीशी असताना वळण घट्ट घ्यायचं, वाऱ्यात शिरताना सैल सोडायचं, आणि हे करताना उंची राखायची. भरपूर डायहेड्रल (पंखांची टोकं वर उचललेली) आणि सपाट तळाचा पंख असलेला ट्रेनर इथे तुमच्याशी भांडतो. बाजूने झोत आला की वाऱ्याकडचा पंख उचलतो, थ्रॉटल दिला की चढतो. डेडस्टिकमध्ये तर हलकं फोम वारा असला की पुढे सरकतच नाही, अलीकडच्या गवतात बसतं. वारा नसेल तर तरंगत पट्टी ओलांडून जातं.

म्हणून माझं मत: एलेरॉनवर (विमान कलवणाऱ्या, पंखांमागच्या पट्ट्यांवर) हात बसला की ट्रेनर बाजूला ठेवा आणि ख्रिस फॉस यांच्या 'वॉट 4'सारखं विमान घ्या. त्याचाही पंख वरच आहे, पण डायहेड्रल नाममात्र. जिथे वळवाल तिथे वळतं, जिथे सोडाल तिथे राहतं, आणि सावकाश उतरतं. उद्या बी टेस्टला (पुढच्या, अवघड परीक्षेला) लूप, बंट (बाहेरच्या बाजूने लूप), दोन्ही दिशांचे रोल, स्टॉल टर्न (सरळ वर चढून टोकाला वळून खाली येणं) आणि तीन फेऱ्यांचा स्पिन (पंखांची उचल सुटून गरगरत खाली येणं) करायचा तर हेच विमान चालतं. ट्रेनरला स्पिनमध्ये टाकून दाखवा, बहुतेक सर्पिल काढत खाली येतात, खरा स्पिन लागतच नाही.

रनवे_राजा

माझं नाव घेऊन धागा काढलात, धन्यवाद. मी तो सल्ला घाबरलेल्या नवख्यांसाठी लिहिला होता, परीक्षकांच्या बैठकीसाठी नाही. माझी टेस्ट झाली तेव्हा कुणी स्विच तपासला नाही. आणि या टेस्टचा बाऊ करणाऱ्यांमुळेच आपली मुलं ड्रोनकडे वळतात. बटण दाबलं की उभं राहतं, कुणी प्रश्न विचारत नाही. क्लबात गेलं की आधी सात जण सांगणार तुमचं विमान कसं चुकीचं आहे.

डर्बीकर

कुणी तपासलं नाही म्हणून नियम नाहीसा होत नाही. तुमच्या सल्ल्यावर विसंबून कुणी गेला आणि परीक्षकाने प्रीफ्लाइटमध्येच विचारलं, "हा स्विच कशाचा?", तर त्याने काय सांगायचं?

बाल्सा_मास्तर

मी क्लबात शिकवतो, म्हणून दोघांनाही बोलतो. जायरोबद्दल डर्बीकर शंभर टक्के बरोबर. राजा, ती ओळ काढाच.

पण 'वॉट 4 घ्या' हा सल्ला मला तितकाच घातक वाटतो. ए टेस्ट ही एकट्याने सुरक्षित उडवता येतं एवढंच बघणारी टेस्ट आहे. ती त्याच विमानावर द्यावी ज्यावर माणूस शिकला. माझ्याकडे एक गृहस्थ होते, निवृत्त बँक अधिकारी, अतिशय शिस्तीचे. हाय विंग ट्रेनरवर त्यांचा आठ इतका सुरेख यायचा की मी इतरांना बघायला बोलवायचो. कुणीतरी डोक्यात भरवलं की ट्रेनरवर दिलेली टेस्ट खरी नव्हे. नवीन मिड विंग घेतलं, लगेच टेस्ट मागितली. डेडस्टिकमध्ये जुन्या सवयीने लांब सर्किट काढलं, नवं विमान तेवढं तरंगेना, कुंपणात गेलं. त्यानंतर ते मैदानावर आलेच नाहीत. एक चांगला पायलट या 'खऱ्या विमाना'च्या नादाने गेला, हे मला आजही लागतं.

विमान निवडायचं ते ओळखीमुळे. त्याचा ग्लाइड डोळे मिटून माहीत असला पाहिजे.

स्लाउची_सई

मास्तरांना अनुमोदन. मी ट्रेनरवर पास झाले, आणि वारा चांगला ताशी पंधरा मैलांचा होता. डर्बीकर म्हणतात तसा ट्रेनर भांडतो हे खरं आहे. पण त्या भांडणातच मी रडर वापरायला शिकले. एलेरॉन दिला की नाक उलट बाजूला जातं, मग रडरने ते आणायचं, हे त्या जाड पंखाच्या विमानाने शिकवलं.

आणि दुसरं विमान घ्या म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की ते ठेवायचं कुठे. आमचा एक बेडरूमचा फ्लॅट आहे. पंख दोन तुकड्यांत निघतो का, छोट्या गाडीत बसतं का, बॅटरी आहे त्याच चालतात का, हे माझ्यासाठी डायहेड्रलपेक्षा मोठे प्रश्न आहेत. फोम असो की बाल्सा, आधी ते माझ्या कपाटावर मावलं पाहिजे. पुरुषमंडळींच्या गॅरेजात चार विमानं टांगलेली असतात म्हणून ते सहज सल्ले देतात.

डर्बीकर

सई, गॅरेज माझ्याकडेही नाही. पण जागा एकाच विमानाची असेल तर ते बी टेस्टपर्यंत पोचणारं का नसावं? याच हिशेबाने मी म्हणतोय. ट्रेनर क्लबचा वापरा, बडी बॉक्सवर (इन्स्ट्रक्टरच्या ट्रान्समीटरला जोडलेल्या दुसऱ्या ट्रान्समीटरवर) शिका, स्वतःचे पैसे पुढे चालणाऱ्या विमानात घाला.

नागपूर_एअरविंग

तुमच्या चर्चेत एक मूळ मुद्दा कुणीच घेतला नाही. विमान कुठलंही घ्या, ट्रान्समीटर कुठल्या मोडमध्ये, म्हणजे कुठलं नियंत्रण कुठल्या हातात? मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये शिकलो, वायू सैनिक कॅम्पसाठी एरोमॉडेलिंगची तयारी केली. आमच्या सरांनी मोड 1 शिकवला: डाव्या हातात एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि रडर, उजव्यात थ्रॉटल आणि एलेरॉन. आता लीड्सला आलोय, इथल्या इन्स्ट्रक्टरचा बडी बॉक्स मोड 2. ते म्हणतात, मोड बदल. मी का बदलू?

रनवे_राजा

कारण जग मोड 2 वर चालतं. दुकानातला जवळपास प्रत्येक रेडी टू फ्लाय संच तसाच येतो.

नागपूर_एअरविंग

जग म्हणजे फक्त तुमचं दुकान का? जपानमध्ये मोड 1 सर्रास चालतो. उत्तम एरोबॅटिक पायलट त्यावर घडले. रोल करताना मोड 2 मध्ये एलेरॉन आणि एलेव्हेटर एकाच अंगठ्यावर, त्यामुळे एलेरॉन देताना नकळत एलेव्हेटर लागतो आणि रोल वाकडा होतो. मोड 1 मध्ये दोन हात वेगळे. बी टेस्टच्या दोन सलग रोलमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो.

बाल्सा_मास्तर

रोलपुरतं मान्य. पण लँडिंगला आणि डेडस्टिकला मोड 2 मध्ये विमानाचा सगळा कल एका हातात असतो, खऱ्या विमानाच्या दांड्यासारखा. नवख्याला ते पटकन उमजतं.

नागपूर_एअरविंग

मी नवखा नाही, मास्तर. आणि इथे मला "तुमच्याकडे काय, खेळणी उडवत असाल" असं ऐकवलं गेलंय, म्हणून राग आहे. भारतात आम्ही काय परिस्थितीत उडवतो कल्पना आहे का? फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी, त्या नावाखाली साधी फोमची विमानंही कस्टममध्ये अडकतात. सुटे भाग आणून, कोरोप्लास्ट आणि सनबोर्डच्या (प्लास्टिक-फोमच्या) शीट कापून आम्ही पंख करतो. कॉलेजच्या पोरांनी रात्री जागून केलेलं विमान पहिल्या उड्डाणात पडतं आणि ती सकाळी परत गोंद घेऊन बसतात. तुम्ही वॉट 4 की ट्रेनर यावर भांडताय. आमच्याकडे निवडीचा प्रश्नच येत नाही, जे बनेल ते उडवायचं.

रनवे_राजा

मग भारतातलं दुःख भारताच्या धाग्यात मांडा. इथे विषय ए टेस्टचा आहे.

स्लाउची_सई

राजा, हे बोलणं योग्य नाही. ज्याने स्वतःच्या हाताने पंख कापला त्याला गुरुत्वमध्य कुठे असावा हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपण खोक्यातून काढतो आणि पुस्तिकेत लिहिलेल्या खुणेवर बोट ठेवतो. परीक्षकाने 'बॅटरी दोन सेंटिमीटर मागे सरकली तर काय होईल' विचारलं तर आपल्यातले किती जण नीट सांगतील?

मोड१_मुलुंड

नागपूरकरांना पूर्ण पाठिंबा. मोड 1 वाल्यांना इथे परग्रहावरून आल्यासारखं वागवतात. मला एका क्लबात सांगितलं, मोड 2 शिक नाहीतर इन्स्ट्रक्टर मिळणार नाही. मी क्लब बदलला. स्नायूंना लागलेली सवय संकटात वर येते. विमान उलटं, आपल्याकडे येतंय, अशा क्षणी डोकं विचार करत नाही, अंगठा करतो. तिथे चुकीचा मोड म्हणजे विमान जमिनीत, आणि नशीब वाईट असेल तर माणसांत.

डर्बीकर

मोडचा धागा वेगळा काढा ही विनंती. पण त्यातलं एक मला उपयोगी आहे. नियमात मोडची सक्ती नाही, परीक्षक विमान कसं उडतं ते बघतो. अडचण फक्त बडी बॉक्सची. हल्लीचे बरेच ट्रान्समीटर दोन्हीकडे वेगवेगळा मोड ठेवून बडी जोडू देतात. इन्स्ट्रक्टर मोड 2, तुम्ही मोड 1, आणि ताबा घ्यायचा स्विच त्याच्याकडे. तुमच्या क्लबाला हे सांगा. सवय मोडून टेस्ट देऊ नका.

बाल्सा_मास्तर

डर्बीकर, आता तुम्हीच म्हणालात, 'सवय मोडून टेस्ट देऊ नका'. मी विमानाबद्दल पहिल्यापासून तेच सांगतोय.

डर्बीकर

अंगठ्याची सवय आणि विमानाची सवय एक नाही. अंगठा बदलायला महिने लागतात, वॉट 4 समजायला थोडीच उड्डाणं. तरी एवढं देतो: ज्याचा ट्रेनरवर आठ वाऱ्यातही बसतो, त्याने ए टेस्ट ट्रेनरवरच द्यावी. ज्याचा फक्त शांत हवेत बसतो, त्याने देऊ नये. विमान कुठलंही असो.

बाल्सा_मास्तर

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी एवढं टाइप केलं नसतं. शेवटच्या ओळीशी सहमत. आणि माझ्याकडूनही घ्या: बी टेस्टला ट्रेनर नको हे मला मान्य आहे. तिथे दोन परीक्षक बसतात, स्पिन स्टॉलमधून पडावा आणि शिरताना होती त्याच दिशेला बाहेर यावा असं बघतात. ट्रेनरला तो पंख ते करू देत नाही.

रनवे_राजा

सेल्फ लेव्हलिंगची ओळ काढली. नियम आहे म्हणून काढली, तुमच्या सुरामुळे नाही. शांत संध्याकाळची ओळ ठेवणार. नवख्याला पहिला आत्मविश्वास शांत हवेतच येतो, यावर मी ठाम आहे.

डर्बीकर

सरावाला ठेवा, टेस्टला नको. ब्रिटनमध्ये सर्टिफिकेट मिळाल्यावर दुसऱ्या रविवारी वारा असतोच, आणि तेव्हा शेजारी इन्स्ट्रक्टर उभा नसतो.

नागपूर_एअरविंग

क्लबात बोललो. त्यांचा ट्रान्समीटर वेगळे मोड जोडू शकतो, कुणी कधी तपासलंच नव्हतं. रनवे_राजा यांचं वाक्य मी मनातून काढलेलं नाही, पण तो विषय इथे संपवतो. आता खरा प्रश्न: माझ्याकडे स्वतः बनवलेलं 1.4 मीटरचं, जवळपास दीड किलोचं लो विंग आहे, बाल्सा आणि प्लायचं. ए टेस्टला तेच नेऊ का?

बाल्सा_मास्तर

नक्की न्या. त्याआधी इन्स्ट्रक्टरकडून बिजागऱ्या, कंट्रोल हॉर्न आणि सर्व्होचे स्क्रू तपासून घ्या, फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर) मोटर बंद होते का ते बघा, मग डेडस्टिकचा सराव करा. दोन्ही दिशांनी, 200 फुटांच्या थोडं खालूनही.

स्लाउची_सई

आणि पंख निघतो का तेही सांगा. मला तसंच बनवायचंय.

नागपूर_एअरविंग

निघतो. दोन भाग, मध्ये कार्बनची नळी, नायलॉनचे बोल्ट. नकाशा पाठवतो.