सासूला पत्र: जेन कार्लाइल

व्हिक्टोरियन सुना सासूला फक्त औपचारिक खुशालीच लिहीत, असं म्हणतात. जेन वेल्श कार्लाइलची पत्रं वाचली की ते पटत नाही.

ती डॉक्टरची मुलगी, सासर गवंडी-शेतकऱ्यांचं. १८३४ साली नवऱ्याबरोबर, म्हणजे लेखक थॉमस कार्लाइलबरोबर, लंडनला चेल्सीत राहायला आली आणि त्याच सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या सासूकडे शेजारणीच्या चुगल्या सुरू! शेजारीण कोण, तर लेखक ली हंट यांची बायको. कप, ग्लास, चांदीचे चमचे, इस्त्र्या, सगळं उसनं मागून नेते म्हणे. (व्हिक्टोरिया राणी गादीवर यायला अजून तीन वर्षं होती, पण पत्रव्यवहार पुढेही चालूच राहिला.)

सासू मार्गारेटही भारी. लिहायला शिकली ती मोठेपणी, मुलाशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून.

१८४० पूर्वी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडायचा, तोही अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. वर्तमानपत्र मात्र फुकट जाई. म्हणून थॉमस घरी वर्तमानपत्र पाठवताना पत्त्याजवळ दोन रेघा ओढायचा: सगळं ठीक आहे. आपल्याकडच्या मिस्ड कॉलचे पणजोबाच!