ओपन वॉटर झालं, आता पुढचा कोर्स करावा का?

डोंगरातली_मासोळी:
नमस्कार मंडळी, मागच्या जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला जाऊन स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला, कोर्सचे ४ धरून आत्तापर्यंत माझे ९ डाइव्ह झालेत. आता डिसेंबरात नवरा आणि मी परत चाललोय, त्याचंही ओपन वॉटर झालंय. तिथला डिक्सन्स पिनॅकल हा पाण्याखालचा खडक बघायचं फार मनात आहे पण आमचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं, त्यामुळे शॉपवाले म्हणतायत ॲडव्हान्स्ड करून टाका, दोन दिवसांत होतो, मग ३० मीटरपर्यंत जाता येईल. दोघांचा खर्च बराच होतोय. पैसे टाकायला हरकत नाही पण त्याने आपण पाण्यात खरंच सुधारतो का की नुसतं कार्ड हातात येतं? खरं सांगायचं तर मास्कमध्ये पाणी शिरलं की अजून छातीत धडधडतं, आणि दर वेळी माझी हवा नवऱ्याच्या आधी संपते. कृपया अनुभवातून सांगा.

तारकर्लीचा_डायव्हर:
ताई, तुम्ही शेवटच्या दोन ओळींत जे लिहिलंय ना तिथूनच सुरुवात करा, कोर्स नंतर. मी मालवणात बरीच वर्षं लोकांना पाण्यात नेतोय. इकडे जे पर्यटक येतात त्यांची टाकी आम्ही मागून धरून असतो, त्यांना फक्त श्वास घ्यायचा असतो. तुम्ही ओपन वॉटर केलंय म्हणजे आता तुमची टाकी धरायला कोणी नाही, हा फरक फार मोठा आहे.

मास्कचं म्हणाल तर तुमच्याकडच्या कुठल्याही पोहण्याच्या तलावात छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहा, मास्क न लावता फक्त स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, तोंडात धरून चेहरा पाण्यात घाला आणि ५ मिनिटं तोंडाने श्वास घ्या. पहिल्या दिवशी नाकात पाणी जाईल, ठसका लागेल. चार-पाच वेळा केलंत की नाक बंद ठेवायची सवय आपोआप लागते, मग खाली मास्क भरला तरी घाबरायला होत नाही.

हवा लवकर संपते त्याचं एक मोठं कारण जास्तीचं वजन. नव्या लोकांच्या कमरेच्या वजनाच्या पट्ट्यात गाइड दोन किलो जास्तच घालतो, म्हणजे पटकन खाली जातात. मग ते वजन तोलायला अंगातल्या फुगवायच्या जॅकेटात हवा भरा, थोडं वर आलं की ती हवा फुगते, की परत सोडा, पायडल मारत राहा, दमायला होतं. पहिल्याच डाइव्हला वजन तपासून घ्या. जॅकेट पूर्ण रिकामं, साधा श्वास धरून उभं राहिलं की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की हलकी होते, तेवढं थोडं वजन वर धरायचं.

ॲडव्हान्स्डमध्ये ५ डाइव्ह असतात, त्यात डीप आणि नॅव्हिगेशन ठरलेले, बाकी तीन तुम्ही निवडता. त्यात बॉयन्सीचा, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहायचा, घ्याच. आणि आधी तीन-चार साधे डाइव्ह मारून मगच कोर्स सुरू करा, उतरल्या उतरल्या नको.

कंपास_हरवलेला:
मी उलट्या क्रमाने शिकलो म्हणून लिहितोय. कार्ड १८ मीटरचं असताना कर्नाटकात नेत्राणी बेटाला एका बोटीवर कोणी काही विचारलं नाही, मीही बोललो नाही. पाणी गढूळ, करंट होता, एका माशांच्या थव्यामागे गेलो आणि वळून बघतो तर बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, नाही. हवेच्या गेजकडे बघितलं तर काटा ४० बारवर, म्हणजे टाकी संपत आलेली, आणि खोली २४ मीटर. तो काटा अजून डोळ्यांसमोर आहे. नशिबाने गाइडचे बुडबुडे दिसले, त्याच्याकडे जाऊन हवा कमी असल्याची खूण म्हणून छातीवर मूठ धरली, त्याने त्याचा जादाचा पिवळा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र, माझ्या तोंडात दिला आणि दंड घट्ट पकडून सावकाश वर आणलं. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलो तेव्हा हात थरथरत होते.

नंतर हिशोब समजला. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे वर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला तिथे ८० लागतात. ११ लिटरची टाकी २०० बारने भरलेली, त्यातले ५० राखून ठेवायचे, उरले १६५० लिटर. जेमतेम २० मिनिटं! तीच टाकी १० मीटरवर ४० मिनिटं चालते. हे ओपन वॉटरच्या पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं, पण खाली गेल्यावर आठवलं नाही.

पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्ड केलं आणि लगेच रेस्क्यू, म्हणजे अडचणीतल्या डायव्हरला वाचवायचा कोर्स. ताई, माझ्या मते खरा कोर्स रेस्क्यू. घाबरलेल्या माणसाकडे समोरून जायचं नाही, तो तुमचाच रेग्युलेटर ओढतो, हे तिथे अंगाने शिकलो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोटीवर बडीचे डोळे बघायची सवय लागली. गप्प झालाय का, पट्टा दोनदा तीनदा तपासतोय का. तुम्ही दोघं एकमेकांचे बडी असणार, तर दोघांनी कराच.

मस्कतकर:
रेस्क्यूबद्दल सहमत पण घाई नको. माझे १४० डाइव्ह झालेत, कार्डं दोनच, ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेवर डाइव्ह करायचं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते नियमित पाण्यात जाण्याने. वर्षात एकदा चार दिवस आणि मधले ११ महिने कोरडे, असं असेल तर कुठलंही कार्ड कामाचं नाही, आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा डाइव्ह, करा. नायट्रॉक्सबद्दल एक गैरसमज फार दिसतो म्हणून सांगतो, त्याने जास्त खोल जाता येत नाही, ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला उलट साधारण ३३ मीटरची मर्यादा येते. फायदा खाली राहायच्या वेळेत. आणि विम्याच्या अटी नीट वाचा, कार्डापेक्षा खोल गेलात तर काय, ते त्यात लिहिलेलं असतं.

डोंगरातली_मासोळी:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः कंपासदादा, तुम्ही ते मोकळेपणाने लिहिलंत. ठरवलंय, उद्यापासून तलावात स्नॉर्कल. हॅवलॉकला पहिले दोन दिवस साधे डाइव्ह आणि वजन तपासणी, मग जमलं तरच ॲडव्हान्स्ड, नाहीतर डिक्सन्स पुढच्या वर्षी. रेस्क्यूआधी फर्स्ट एडचा कोर्स लागतो ना, तो इथेच करून घेतो दोघं.

तारकर्लीचा_डायव्हर:
हो, फर्स्ट एड आणि सीपीआर, गेल्या २४ महिन्यांतला लागतो. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी ठेवा, तिकीट काढलं नसेल तर आत्ताच बघा.